मेंढ्या कातरण्याचं मशीन लोकर ओढतंय, तापतंय? नवं पातं घेण्याआधी क्रमाने काय काय तपासायचं

होळीच्या आगेमागे आणि पुन्हा पावसाळा सरल्यावर कातरणीचे दिवस येतात. धुळे, साक्री, पारोळा, चाळीसगाव या पट्ट्यात ज्या वाड्यांवर हातकातरीच्या जागी मशीन आलं आहे, तिथे दर हंगामात एकच तक्रार असते: कालपर्यंत चांगलं चाललेलं मशीन आज लोकर ओढतंय, पातं गेलं बहुतेक. पातं सहसा गेलेलं नसतं. ते मळलेलं असतं, कोरडं पडलेलं असतं किंवा वाकडं बसलेलं असतं. कापत नाही म्हणून आपण वरचा नॉब आवळतो, थोडा वेळ कापतं, पुन्हा ओढायला लागतं, पुन्हा आवळतो. या आवळण्याने चांगलं पातं खरोखरच जातं. म्हणून खालच्या तपासण्या दिल्या आहेत त्याच क्रमाने करा. पहिल्या तीन-चार तपासण्यांना जवळपास काही खर्च नाही आणि बहुतेक बिघाड तिथेच निघतो.

नावं आधी स्पष्ट करतो. खालचं स्थिर, लांब दातांचं पातं म्हणजे कंगवा. त्याच्यावर डावी-उजवीकडे सरकणारं, बहुधा चार टोकांचं लहान पातं म्हणजे कटर. कटरला धरून हलवतो तो काटा. आणि कटर कंगव्यावर किती दाबला जावा हे ठरवतो तो टेन्शन नॉब.

लक्षणं

लोकर कापली न जाता ओढली जाते आणि मेंढी प्रत्येक ओढीला अंग झटकते. कापलेल्या जागी न कापलेल्या केसांच्या रेघा राहतात. एक-दोन मेंढ्यांतच कंगव्याला हात लावता येत नाही. आवाज जड होतो किंवा खडखड सुरू होते. कातडीला बारीक चिरा पडू लागतात.

यातलं कोणतं लक्षण आहे यापेक्षा ते कधी सुरू झालं हे जास्त सांगून जातं. पाती नुकतीच बदलल्यावर लगेच सुरू झालं असेल तर बसवणी चुकली आहे. सुरुवातीला छान कापून पाच-दहा मिनिटांनी ओढायला लागलं तर तेल किंवा मळ. सात-आठ मेंढ्यांपर्यंत हळूहळू बिघडत गेलं तर खरोखर धार उतरली. एका मेंढीवर अचानक बिघडलं तर खडा, बाभळीचा काटा किंवा तारेचा तुकडा मध्ये आला आणि दात दुखावला. कटर एकाच बाजूला कापत असेल, म्हणजे रेघ नेहमी कंगव्याच्या त्याच दातांमागे राहत असेल, तर कटरचं एक टोक काट्यात बसलेलं नाही किंवा कंगवा एका अंगाला सरकला आहे. मशीनसोबत जवळचा बल्बही मंद होत असेल तर पात्याकडे बघूच नका, विजेकडे बघा.

१. मशीन बंद करा, प्लग काढा, ब्रश मारा

बटण बंद केलं एवढ्यावर भागत नाही, प्लग बोर्डातून बाहेर हवा. पात्यांत बोट असताना कुणाचा तरी हात बटणावर पडू शकतो.

जुना दात घासायचा ब्रश घ्या आणि कंगव्याच्या दातांमधली, कटरच्या मागची, काट्याच्या बाजूची लोकर झाडून काढा. मग नॉब पूर्ण सैल करून कटर बाहेर काढा आणि कटर-कंगवा जिथे एकमेकांना घासतात ते सपाट तोंड बघा. तिथे काळसर, चिकट थर दिसेल. लोकरीचं मेण, बारीक माती आणि जुनं तेल यांचा तो लेप असतो. कात्रीची दोन पाती एकमेकांना चिकटून सरकली तरच ती कापते. मध्ये कागदाएवढा थर आला की केस कापले न जाता दोन पात्यांच्या मध्ये दुमडतात, आणि आपल्याला वाटतं धार गेली.

हा थर नुसत्या पाण्याने निघत नाही. कोमट पाण्यात कपड्यांची पावडर टाकून घासा, किंवा डब्यात थोडं रॉकेल वा डिझेल घेऊन पाती सुटी करून बुडवा, ब्रशने घासा, फडक्याने कोरडी पुसा आणि लगेच तेल लावा. चालू मशीनचं तोंड रॉकेलच्या डब्यात बुडवायची पद्धत काही ठिकाणी दिसते. ती बंद करा. मोटरमध्ये ठिणगी पडत असते, आणि शेजारी वाळलेली लोकर पसरलेली असते.

२. तेल

दख्खनी मेंढीची लोकर भरड, केसाळ आणि मोकळी. तिच्यात मेण कमी असतं, त्यामुळे बारीक लोकरीच्या मेंढीत कापता कापता पात्याला जे थोडंफार वंगण मिळतं, तेही इथे मिळत नाही. म्हणून तेल हातचं राखून चालत नाही.

दर दहा मिनिटांनी, किंवा सरळ दर मेंढीनंतर, कंगव्याच्या दातांवर आडवे तीन-चार थेंब, कटरच्या मागच्या बाजूला दोन थेंब, आणि हॅण्डपीसच्या, म्हणजे हातात धरायच्या भागाच्या, डोक्यावर (पाती बसतात त्या टोकाला) तेलाचं भोक असेल तर त्यात दोन थेंब. मग मेंढीला न लावता मशीन पाच-सहा सेकंद चालवा, म्हणजे तेल तोंडभर पसरतं. जास्तीचं पुसून घ्या.

तेल कोणतं? मशीनसोबत आलेलं संपलं असेल तर शिलाई मशीनचं पातळ तेल चालतं. खाण्याचं तेल नको, ते तापल्यावर चिकट होऊन डिंकासारखं बसतं. ट्रॅक्टरमधून काढलेलं जळकं ऑईल तर मुळीच नको. त्यात धातूचा कीस आणि काजळी असते, ती पात्यांना पॉलिशच्या दगडासारखी घासते, आणि लोकरीवर पडलेले डाग जात नाहीत. काळ्या लोकरीवर डाग दिसत नाहीत असं म्हणून सोडून देऊ नका. घोंगडीसाठी सूत काढणाऱ्याच्या हाताला तो वास आणि चिकटपणा लागतोच.

पातं किती तापलं हे मनगटाच्या आतल्या बाजूला कंगवा टेकवून बघा. तीन सेकंद ठेवता आला नाही तर मेंढीच्या पोटाच्या नाजूक कातडीलाही तो सोसणार नाही. थांबा, तेल द्या, थंड होऊ द्या. जळगाव-भुसावळकडचा चैत्र-वैशाखातला पारा बघता कातरणी सकाळी सहा ते दहा या वेळात उरकलेली बरी. दुपारी मेंढी, मशीन आणि माणूस तिघंही तापलेले असतात.

३. टेन्शन नॉब

सगळ्यात जास्त पाती इथे मरतात.

नॉब पूर्ण सैल करा. मशीन बंद असताना बोटांनी हळू आवळत या. जिथे पहिला अडथळा जाणवेल तिथे थांबा. तिथून साधारण पाव फेरा पुढे. तुमच्या मशीनच्या पुस्तिकेत वेगळा आकडा असेल तर तो खरा धरा. मशीन चालू करा, एका मांडीवरची लोकर कापून बघा. ओढतंय? अजून पाव फेरा. तरीही ओढतंय? मग दोष टेन्शनचा नाही, नॉब पहिल्या पाव फेऱ्यावर परत आणा आणि पुढची तपासणी करा.

जास्त आवळल्याने कटर कंगव्यावर दाबून घासतो, उष्णता वाढते, मोटरवर भार येतो, आणि धारेची कड गोल होते. सतत जास्त आवळलेल्या मशीनमध्ये कंगव्याच्या तोंडावर कटरच्या टोकांच्या चऱ्या उमटलेल्या दिसतात. अशा कंगव्यावर नवा कटर टाकला तरी तो त्या चऱ्यांवरून उड्या मारत चालतो. कमी टेन्शनही वाईटच, कारण मग लोकर मध्ये शिरते आणि कटर उचलला जातो. पण चुकायचंच असेल तर सैलकडे चुका. सैल असेल तर मशीन ओढतं आणि लगेच कळतं. आवळलेलं असेल तर पातं संपेपर्यंत कळत नाही.

काम संपल्यावर नॉब सैल करून ठेवा, आतल्या स्प्रिंगला आराम मिळतो.

४. मेंढीचं अंग बघा

हा भाग बहुतेक लोक वगळतात, आणि आपल्याकडे खरं कारण इथेच असतं.

कातरणीआधी मेंढ्या नदीत धुवायची चाल चांगली आहे. अडचण पुढे होते. पांझरा असो, गिरणा असो की तापी, मेंढी पाण्यातून बाहेर येते ती वाळूच्या पात्रात, आणि ओल्या अंगाने तिथेच बसते. बारीक वाळू लोकरीच्या बुडाशी जाऊन बसते, वरून काहीच दिसत नाही. खांद्यावरची लोकर दोन्ही अंगठ्यांनी फाकवा, कातडीजवळची एक बट चिमटीत घेऊन अंगठा-तर्जनीत चोळा. कचकच लागली तर वाळू आहे. अशा कळपात एरवी आठ-दहा मेंढ्या करणारा कटर दोन-तीन मेंढ्यांत बोथट होतो, कारण वाळूतला गारगोटीचा कण पात्याच्या पोलादाची कड खाऊन टाकतो.

उपाय साधा आहे. धुतल्यावर मेंढ्या वाळूतून थेट वर काढा, गवताळ रानात किंवा पिकाचं खुंट उभं असलेल्या वावरात नेऊन वाळवा. नांगरलेल्या काळ्या मातीत बसवू नका. लोकर पूर्ण कोरडी व्हायला ऊन चांगलं असेल तर दोन दिवस तरी द्या. ओली लोकर दातांत गोळा होते, पातं गंजवते आणि पोत्यात भरली की कुजते. कुसळ फार असलेल्या रानातून आलेल्या मेंढ्यांची मान आणि पोट आधी हाताने चाचपा. गोखरूचा काटा कंगव्याच्या दातात अडकला की दात वाकतो.

रात्रभर मेंढ्या उपाशी ठेवा. भरल्या पोटाच्या मेंढीला पाठीवर धरलं की तिला श्वास घेणं जड जातं, ती धडपडते, आणि धडपडणाऱ्या मेंढीवर उत्तम पातंही चिरा पाडतं.

एक सवय फायद्याची: अर्धवट उतरलेल्या धारेचा एक कटर बाजूला ठेवा आणि शेपटीजवळची लेंड्यांनी माखलेली, पोटाखालची मातकट लोकर त्यानेच काढा. चांगला कटर स्वच्छ पाठीसाठी.

५. हवेची जाळी आणि वीज

मशीनच्या मागच्या टोकाला हवा आत घेणारी जाळी असते. ती लोकरीच्या तंतूंनी बुजली की मोटर तापते आणि मंदावते. दर दहा-बारा मेंढ्यांनंतर जाळी काढून ब्रशने झाडा. जाळी न लावता मशीन चालवू नका, तंतू थेट मोटरमध्ये जातात.

मोटर मंद झाली की कटरचे फेरे कमी होतात, हाताची गती मात्र तीच राहते. मग प्रत्येक फेऱ्याला जास्त केस पुढे येतात आणि ते ओढले जातात. पात्याचा काहीच दोष नसतो. शेतातल्या लाईनवर, विशेषतः रावेर-यावलच्या केळीच्या पट्ट्यासारखं जिथे सगळे पंप एकदम चालतात तिथे, दाब पडतो. मल्टिमीटर असेल तर मशीन चालू असताना बोर्डावर मोजा. २३० व्होल्टच्या आसपास हवा. २०० च्या खाली असेल तर पंप बंद व्हायची वाट बघा किंवा जनरेटरवर चालवा.

लांब वायरला उगीच दोष देतात. तीनशे-चारशे वॉटच्या मशीनला चांगल्या तांब्याच्या पन्नास मीटर वायरवर फारसा दाब कमी पडत नाही. दाब पडतो तो पीळ देऊन टेप गुंडाळलेल्या जोडावर आणि सैल पिनेवर. प्लग हाताला गरम लागला तर जोड खराब आहे. वायर रिळावर गुंडाळलेली ठेवून मशीन चालवू नका, आतल्या वेटोळ्यांची उष्णता बाहेर पडत नाही. बोर्डाला अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळू लागली की लगेच लाईन तोडणारा स्विच) हवाच. ओल्या जमिनीवर, अनवाणी पायाने, हातात धातूचं मशीन आणि मांडीत मेंढी, अशा कामात त्याचीच राखण असते.

६. बसवणी

इथून पुढे स्क्रू-ड्रायव्हर लागेल. प्लग पुन्हा एकदा बघा, बाहेर आहे ना.

मशीन उलटं धरा. कंगव्याचे दोन स्क्रू अगदी काढू नका, कंगवा हलेल इतपत सैल करा. दोन गोष्टी बघायच्या आहेत.

पहिली, पुढे-मागे. कंगव्याचे दात टोकाकडे उतरते होत जातात. जिथून उतार सुरू होतो त्या रेषेच्या साधारण दीड मिलिमीटर मागे कटरची टोकं यायला हवीत. कटर त्याहून पुढे गेला तर टोकं उघडी पडतात आणि कातडी कापतात. फार मागे राहिला तर कंगव्याचा पुढचा चांगला भाग वापरलाच जात नाही, लोकर आत साठत जाते आणि हाताला जोर लागतो.

दुसरी, डावी-उजवी. कटर हाताने पूर्ण डावीकडे सरकवा, मग पूर्ण उजवीकडे. दोन्ही टोकांना तो कंगव्याच्या शेवटच्या दातावर सारखाच यायला हवा. एका बाजूला बाहेर डोकावत असेल तर तीच बाजू मेंढीला चिरते आणि दुसऱ्या बाजूला रेघ राहते. कंगवा बोटाने सरकवून मध्यावर आणा, स्क्रू आवळा, पुन्हा तपासा. स्क्रू आवळताना कंगवा हमखास किंचित हलतो, म्हणून ही दुसरी तपासणी सोडू नका.

कटर बसवताना काट्याची टोकं कटरच्या खळग्यांत नीट उतरली का हे टॉर्च मारून बघा. एक टोक खळग्याच्या काठावर बसलेलं असेल तरी कटर तिरपा राहतो आणि अर्ध्याच बाजूला कापतो. नवं पातं घातल्याबरोबर खराब कापत असेल तर दहापैकी बहुतेक वेळा हेच निघतं.

७. कटर बदला, मग कंगवा

आता पाती बदलून बघा, पण एकदम दोन्ही नाही. आधी फक्त कटर. कंगव्याचा दात रुंद आणि स्थिर, कटर मात्र सारखा धावतो, म्हणून तो लवकर बोथट होतो. एका कंगव्याच्या आयुष्यात तीन-चार कटर बदलावे लागतात. कटर बदलल्यावर मशीन नीट चाललं तर विषय संपला. नाही चाललं तर कंगवाही बदला. खात्रीची, नुकतीच धार लावलेली जोडी घालूनही ओढत असेल तर दोष पात्यांत नाही, मशीनच्या डोक्यात आहे; सरळ शेवटच्या भागाकडे जा.

काढलेलं पातं उजेडात तपासा. दाताची कड सूर्याकडे करून हळूहळू फिरवा. तीक्ष्ण कड उजेड परतवत नाही, ती फक्त एक काळी रेष दिसते. बोथट कडेवर पांढरी चमकती रेघ दिसते, कारण तिथे कड गोल होऊन सपाटी तयार झालेली असते. सगळ्या दातांवर अशी चमक असेल तर धार लावा. एकाच दातावर असेल तर तिथे खडा लागला आहे.

काही पाती धारेलाही पाठवू नयेत. दात तुटलेला कंगवा कातडी फाडतो, तो भंगारात. निळसर किंवा जांभळट डाग पडलेलं पातं एवढं तापलेलं असतं की पोलादाचं पाणी उतरलेलं असतं. धार लावली तरी टिकत नाही. घासून घासून पातळ झालेला कटर नव्याशेजारी ठेवून बघा. टोकं दाबाखाली लवत असतील तर त्याचंही काम संपलं. वरवरचा गंज धारेत निघतो, पण कडेवर खड्डे पडले असतील तर नाही.

८. धार

मशीनची पाती सुऱ्या-विळ्यांना धार लावणाऱ्याकडे देऊ नका. सहाणेवर घासू नका. वेल्डिंगच्या दुकानातल्या अँगल ग्राइंडरवर तर नकोच. या पात्यांचं तोंड दिसायला सपाट असलं तरी पूर्ण सपाट नसतं. त्यात नजरेला न कळणारी खोलगट वळण असते, त्यामुळे कटर आणि कंगवा फक्त कडेवर टेकतात. ही वळण टिकवायला खास चकती लागते. ती मध्यापासून कडेकडे किंचित उतरती असते, तिच्यावर पॉलिश कापड चिकटवलेलं असतं, आणि पातं चुंबकाच्या धारकात धरून लोलकासारखं तिच्यावर फिरवतात. कंगव्याला भरड कापड, कटरला त्याहून बारीक.

मेंढपाळांचे चार-पाच वाडे मिळून अशी चकती घेत असतील तर शिकून घेतल्याशिवाय चालवू नका. चकती वेगाने फिरते, सुटलेलं पातं गोळीसारखं येतं. चष्मा हवा, सैल गमछा नको, चकतीच्या रेषेत कुणी उभं नको. पातं आधी पूर्ण धुऊन तेल काढा, कारण तेलाने कापडाचे कण बुजतात. दाब हलका, वेळ थोडा, मध्ये मध्ये थांबून कडेची चमक गेली का बघायचं. चमक गेली की थांबायचं. पुढचा प्रत्येक सेकंद पात्याचं आयुष्य कमी करतो.

हातकातर वापरणाऱ्यांसाठी एवढंच: धार फक्त बाहेरच्या उतरत्या बाजूला लावा. आतली सपाट बाजू घासली की दोन पात्यांत फट पडते आणि ती पुन्हा भरून येत नाही.

नवीन पाती घेताना

लोक दुकानात जाऊन "मशीनचं पातं द्या" म्हणतात आणि मिळेल ते घेऊन येतात. सोबत जुनी जोडी न्या. हातातल्या विजेच्या मशीनला बहुधा ७६ मिलिमीटर रुंदीचा कंगवा लागतो. त्याहून रुंद कंगवे सरावलेल्या हातासाठी असतात, शिकाऊ माणसाच्या हातात ते कातडी पकडतात.

दातांची संख्या कातडी आणि लोकर बघून घ्या. दात कमी, म्हणजे नऊच्या आसपास, तर दातांमधली फट मोठी. दाट लोकरीत कंगवा सहज शिरतो, पण सैल कातडी फटीत उचलली जाऊन कापली जाऊ शकते. दात जास्त, जसे तेरा, तर कातडी दबून राहते, कापणी गुळगुळीत येते, पण मळकट लोकरीत जोर लागतो. दख्खनी मेंढीला नऊ दातांचा, मध्यम उताराचा कंगवा सरसकट चालतो. शेळीची कातडी पातळ, तिला वीसएक दातांचा. टोकं सुईसारखी टोचत असतील तर नवीन कंगवा तसाच वापरू नका, बारीक पॉलिश कागदाने टोकं नुसती गोलसर करून घ्या.

फेब्रुवारी-मार्चमध्ये कातरायचं असेल तर थोडी लांब लोकर राखणारा उंच दातांचा कंगवाही मिळतो. पुढे उन्हाळा लागतो आणि आपल्या मेंढ्या सावलीशिवाय दिवसभर चालतात. उघडी कातडी भाजण्यापेक्षा बोटभर नाही तरी काही मिलिमीटर केस राहिलेले चांगले.

म्हशीचं अंग किंवा कासेवरचे केस काढायला, किंवा सारंगखेड्याच्या घोडेबाजाराआधी घोडा साफ करायला मेंढीचा कंगवा वापरू नका. त्याला वेगळं डोकं आणि बारीक दातांची वेगळी पाती येतात, ३१ आणि १५ दातांची जोडी ही त्यातली नेहमीची. ही पाती जोडीनेच धारेला द्यायची आणि जोडीनेच ठेवायची. मेंढीच्या मशीनचे कटर आणि कंगवे मात्र अदलाबदल करता येतात.

शंभर मेंढ्यांचा कळप करायचा असेल तर धार लावलेले चार-पाच कंगवे आणि बारा-पंधरा कटर हाताशी ठेवा. कळप वाळूचा असेल तर कटर दुप्पट. धार असलेले एका डब्यात, उतरलेले दुसऱ्या. एकाच डब्यात मिसळले की उतरलेलाच पुन्हा हातात येतो.

हंगाम संपल्यावर पाती धुऊन, पूर्ण वाळवून, तेलाचं फडकं फिरवून, तेलकट कागदात एकेक गुंडाळून पत्र्याच्या डब्यात ठेवा. प्लॅस्टिकच्या पिशवीत ओल कोंडते आणि आषाढात पाती गंजतात.

एका कळपातून दुसऱ्या कळपात जाताना पाती जंतुनाशकात बुडवून, पुसून, तेल लावून घ्या. गळ्याखाली, खांद्याजवळ पुवाच्या गाठी येणारा आजार कातरणीच्या जखमांतून पसरतो. गाठ असलेल्या मेंढ्या शेवटी कातरा, आणि गाठ फुटली तर तिथेच काम थांबवून पाती व हात स्वच्छ करा. कपडे पांढरे करण्याचं ब्लीच मात्र वापरू नका, ते पोलाद खातं.

इथे हात थांबवा

मशीनला हात लावताना झिणझिण्या आल्या तर प्लग काढा आणि त्या दिवशी ते मशीन पुन्हा लावू नका. जळका वास, मागच्या जाळीतून मोठ्या ठिणग्या, पाती काढून चालवलं तरी डोकं तापणं, डोक्यातून ग्रीस गळणं, कटर पूर्वीइतका डावी-उजवीकडे न जाणं, काटा हाताने हलवल्यावर खडखडणं, ही सगळी आतल्या भागांची झीज आहे. काटा, त्याचा मागचा सांधा, गिअर, कार्बन ब्रश यांचं काम मशीन दुरुस्त करणाऱ्याचं. उघडलंत तर लहान भाग हरवतात, आणि चुकीच्या उंचीवर बसलेला काटा चांगली पाती एका दिवसात खातो.

मेंढीच्या बाबतीत: वरवरच्या चिरेला पोव्हिडोन आयोडीन लावा आणि माशी बसू नये म्हणून जखमेचा फवारा मारा, पावसाळ्यानंतर दोन दिवसांत अळ्या पडतात. कातडी सोलवटून लोंबत असेल, सड किंवा मुताची जागा कापली असेल, पायामागची शीर कापली असेल, रक्त दाबूनही थांबत नसेल, तर पशुवैद्यकाला बोलवा. कातरणीनंतर काही दिवसांनी मेंढी ताठ चालू लागली, जबडा उघडेना, तर धनुर्वात असू शकतो, तेव्हा एक दिवसही थांबू नका. डॉक्टर येतील तेव्हा धनुर्वाताच्या लसीबद्दलही विचारून घ्या.

मशीन दुरुस्तीला पाठवताना नुसतं मशीन पाठवू नका. ज्या जोडीवर बिघाड दिसला ती जोडी बसलेली तशीच राहू द्या, नॉब हलवू नका, आणि चिठ्ठीवर लिहा: बिघाड कितव्या मेंढीला सुरू झाला, कोणत्या बाजूला रेघ राहते, नवी जोडी घालून काय झालं, तेल कोणतं वापरलं, वीज कुठली होती. एवढं लिहिलेलं असेल तर दुरुस्ती करणारा चालू मशीन बघून "हे तर बरोबर चालतंय" म्हणत परत पाठवत नाही.